कॉलेज झेपत नाही, की प्रवास?

गणपती आटोपले की माझ्या दवाखान्यात कॉलेजच्या मुलामुलींची गर्दी वाढते. जून-जुलैचा उत्साह ओसरलेला असतो, परीक्षा जवळ येऊ लागलेली असते आणि तक्रारी ठरलेल्या असतात. चक्कर येते, डोके दुखते, छातीत जळजळते, लघवीला आग होते, वर्गात झोप येते. शहापूरला माझा रोजचा दवाखाना आहे आणि दर बुधवारी मी मुरबाडला बसतो. दोन्हीकडे चित्र एकच. नाडी बघता बघता मी एक प्रश्न हमखास विचारतो, "कॉलेज कसे वाटते?" इतक्या वर्षांत उत्तरांचा माझ्याकडे चांगला साठा झाला आहे. गंमत अशी, की बहुतेक उत्तरे कॉलेजविषयी नसतातच. ती गाडीविषयी असतात.

आपल्याकडे कॉलेज नाही असे नाही. शहापूरला सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यात शिवळ्याला महाविद्यालय आहे. तिथे पुष्कळ मुले शिकतात. पण हवा तो विषय किंवा नावाजलेले कॉलेज पाहिजे म्हटले की कल्याण, उल्हासनगर गाठावे लागते. कल्याणचे बिर्ला कॉलेज १९७२ सालचे, आपल्या भागातल्या दोन पिढ्या तिथे शिकल्या. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची, म्हणजे १८५७ सालच्या विद्यापीठाची. "मग विद्यापीठ कसे आहे?" असे मी एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आम्ही ते फक्त मार्कशीटवर पाहिलंय, डॉक्टर."

आसनगाव ते कल्याण सुमारे ३२ किलोमीटर. कसाऱ्याहून निघाले तर सुमारे ६७. आसनगावच्या पुढे आटगाव, खर्डी, कसारा या बाजूला लोकल मोजक्याच. एक चुकली की पहिला तास बुडाला. त्यातच मेल गाडीला वाट द्यायला लोकल थांबवून ठेवतात, ते वेगळेच. मुरबाडकरांना अजून रेल्वे नाही. त्यांची सगळी भिस्त एसटीवर. २०२१-२२ चा एसटीचा लांबलेला संप आठवा. त्या काळात वडापच्या जीपमध्ये उभे राहून कल्याण गाठलेली मुले माझ्याकडे पाठदुखी घेऊन येत. आणि विद्यापीठाचा नियम ७५ टक्के हजेरीचा. गाडी उशिरा आली हे हजेरीपटाला कसे कळणार?

आता लघवीच्या आगीबद्दल बोलतो, कारण हा विषय घरात कोणी काढत नाही. खर्डीकडची एक मुलगी महिन्याभरात दुसऱ्यांदा हीच तक्रार घेऊन आली. मी तिचा दिवस विचारला. पहाटे साडेपाचला घर सोडते, संध्याकाळी साडेसहाला परत येते. म्हणजे १३ तास. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची आणि तीही अर्धी तशीच घरी येते. "पाणी का पीत नाहीस?" तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं." लोकलला संडास नसतो. स्टेशनवरचा वापरण्यासारखा नसतो. आणि कॉलेजात मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे मागावी लागते. शिपायाजवळ जाऊन किल्ली मागायची तिला लाज वाटते. हे कॉलेज कोणते ते मी लिहीत नाही, पण वाचकांपैकी कोणी कॉलेजच्या समितीवर असतील तर त्यांनी आपल्या संस्थेत किल्ली कोणाकडे असते एवढे तरी जाऊन पाहावे. मुलींच्या मतांचे फॉर्म भरून घेण्यापेक्षा ते लवकर होईल.

पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन् तास धरून ठेवली की मूत्राशयात जंतू वाढायला वाव मिळतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड, जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्यांना हा त्रास पुरुषांपेक्षा फार जास्त होतो. आग होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही सुरुवात. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागले, उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले असे समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. मेडिकलमधून मैत्रिणीच्या चिठ्ठीवरच्या चार गोळ्या आणून दोन खाल्ल्या आणि बरे वाटले म्हणून सोडल्या, असे करू नये. आधी लघवी तपासावी, मग औषध घ्यावे, आणि सांगितले तितके दिवस घ्यावे.

तिला मी एवढेच सांगितले. घरातून निघताना जाऊन ये. प्रवासात घोट घोट पाणी घे, पण कॉलेजात पोचल्यावर मात्र दोन पेले पाणी पी आणि मग किल्ली माग. एकटीला लाज वाटत असेल तर तिघीजणी मिळून मागा. दुपारी पुन्हा एकदा जा, निघताना एकदा. लघवीचा रंग फिका पिवळा राहिला की पाणी पुरेसे आहे असे समज. (भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यातली. सारी मुंबई त्यांचे पाणी पिते आणि आपल्या मुली मात्र तहान मारून शिकतात. असो.)

यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरी आहे. गेल्या वर्षी किन्हवलीकडचे एक वडील मुलीला घेऊन आले. बारावीला चांगले गुण, कल्याणला सायन्सला प्रवेश. दोन महिन्यांत मुलगी सुकली, घरी आली की जेवण न करता झोपते, अभ्यासात लक्ष नाही. वडील म्हणाले, "डॉक्टर, हिला काही झेपत नाही. एक स्थळ आलंय. कॉलेज सोडवू का?" मुलगी खाली मान घालून बसली होती. तिची पापणी खाली ओढून पाहिली तर आतली बाजू पांढुरकी. रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेआठ. बाईमाणसाला ते किमान १२ तरी हवे. साडेआठ हिमोग्लोबिनवर पहाटे उठून उभ्याने प्रवास करून रसायनशास्त्र कळावे, अशी आपली अपेक्षा!

हे एका घरचे दुखणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. शाळेत असेपर्यंत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पासही फुकट असतो. बारावी झाली की दोन्ही एकदम सुटते, आणि नेमका तेव्हाच प्रवास दुप्पट होतो. पासाची सवलत पुढेही मिळते, पण गोळीची आठवण करून देणारे कोणी उरत नाही.

त्या मुलीला लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, पाळीत रक्त जास्त जाते का ते विचारले. अशा वेळी महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढायला हवे. नियमित गोळ्या घेऊनही वाढले नाही तर सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी. आपल्या आदिवासी पाड्यांवर तर सिकलसेलची चाचणी लक्षात ठेवून करावी. गोळ्यांनी शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात, कारण शरीराची कोठी भरायची असते. वडिलांना सांगितले, सोडवायचे की नाही ते चार महिन्यांनी ठरवा. मुलगी अजून जाते. गाडीला रोज शिव्या घालते, पण जाते.

मुलांचे दुखणे वेगळे. सकाळी चहा, कल्याण स्टेशनवर वडापाव, दुपारी पुन्हा वडापाव, आणि मग पित्ताची गोळी. "घरचा डबा का नेत नाही?" तर म्हणे, भाकरी काढली की मुले बघतात. नाचणीची भाकरी आणि चवळीची उसळ पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञ बायका पैसे घेऊन खायला सांगतात, हे या पोराला कोण सांगणार? शिवाय रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला गजर. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. मोबाइल दहाला दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि येताना गाडीत बसायला जागा मिळाली तर खुशाल डुलकी काढा.

एवढे ऐकून कोणाला वाटेल की मुले कॉलेजला कंटाळली आहेत. तसे नाही. एक मुलगी म्हणाली, लायब्ररीतली खिडकीजवळची जागा तिला घरापेक्षा आवडते, कारण तिथे कोणी काम सांगत नाही. इंग्रजीत शिकवलेले कळत नाही म्हणून पहिले सहा महिने गप्प बसलेला मुरबाडचा मुलगा आता धाकट्यांना गाडीत गणिते शिकवतो. काही जण मात्र गप्पच राहतात. जेवण कमी होते, मित्र तुटतात, "माझा काही उपयोग नाही" असे बोलतात. असे ऐकलेत तर हसण्यावारी नेऊ नका. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट, मराठीतही बोलता येते. जवळच्या डॉक्टरांनाही भेटा.

वासिंदच्या एका पालकांनी विचारले आहे, की लोहाची गोळी उपाशीपोटी द्यावी का आणि दुधाबरोबर चालेल का. उपाशीपोटी ती चांगली लागू पडते, पण मळमळत असेल तर जेवणानंतर द्या. दूध आणि चहा तासभर तरी लांब ठेवा. लिंबूपाण्याबरोबर दिली तर उत्तम.