जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात नको!

मैत्रिणींनो, सासूबाईंचं शिलाई मशीन सुनेच्या हाताखालीही छान चालतं. कॉम्प्युटरचं मात्र तसं नाही. तो धडधाकट असला, तरी एक दिवस पडद्यावर सूचना येते, 'या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालणार नाही.' दुकानदार सांगतो, "ताई, आता नवाच घ्या." बचत गटाची वर्षभराची शिल्लक त्यात जायची! म्हणून आधी नीट समजून घेऊ या.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही. पण सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळाली नाही, तर व्हायरस शिरण्याचा धोका वाढतो. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा संरक्षणाची सोय कंपनीने तेव्हा जाहीर केली होती.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० हवं. टीपीएम म्हणजे पासवर्डच्या किल्ल्या जपणारी जणू छोटी तिजोरी. कधी ती कॉम्प्युटरमध्ये असते, पण बंद ठेवलेली असते. जाणकाराकडून ती सेटिंगमध्ये सुरू करून घेता येते.

खरी अडचण प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. ही पिढी २०१७ मध्ये आली. सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये नाव बघा. आय५-८२५० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. आय३-७१०० म्हणजे सातवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन बघायचे. रॅम वाढवली किंवा एसएसडी बसवली, तर वेग वाढतो, पिढी बदलत नाही! तेव्हा 'रॅम टाकली की विंडोज ११ चालेल' असं कुणी म्हटलं, तर आधी हा आकडा बघा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधनही उत्तर देतं.

नाहीच जमलं तर? लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालते. पत्रं, हिशेब, इंटरनेट सगळं होतं. मात्र विंडोजसाठीच बनवलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेलच असं नाही, ते आधी विचारा. प्रिंटरही जोडून बघा.

काहीही बदलण्यापूर्वी फोटो आणि हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या बरं का! आणि कॉम्प्युटर टाकायचाच ठरला, तर तो भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. पैसे आपल्या कष्टाचे आहेत, मग निर्णयही माहिती घेऊन आपणच करायचा.