जुना विद्युतपंप आणि त्याच्या वायरी

सातपूर हे गाव १९८२ पासून नाशिक महानगरपालिकेत मोडते व आता ते कारखान्यांसाठीच अधिक ओळखले जाते. तथापि त्र्यंबकेश्वर रस्त्याने पश्चिमेकडे गेले की गंगापूर धरणाच्या परिसरात मळे लागतात, आणि तेथील विहिरी व शेततळी विद्युतपंपांवर चालतात. नवा पंपसंच महाग पडतो म्हणून जुना घेणारे शेतकरी पुष्कळ आहेत. मोटार जुनी असली तरी भरून घेता येते. त्यात कमीपणा काही नाही. चूक होते ती पुढे. पंपाबरोबर त्याच्या जुन्या वायरी, स्टार्टर व फ्यूजही आणले जातात, आणि बटण दाबताच पाणी आले म्हणजे सर्व ठीक आहे असे समजले जाते.

पाणी येणे ही पंप चालतो याची खूण होय. तो सुरक्षित आहे याची नव्हे. वायरीचे आवरण उन्हाने तडकलेले असते, कोठे उंदराने कुरतडलेले असते, जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते. तरीही मोटार फिरते. गळणारी वीज मात्र मोटारीच्या लोखंडी अंगात उतरते व कोणाचा तरी हात लागण्याची वाट पाहत राहते.

येथे फ्यूज उपयोगी पडेल अशी अनेकांची समजूत असते. ती हिशेबाने तपासून पाहावी. ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भाराने चालताना सुमारे ७ ते ७.५ अँपिअर प्रवाह घेते. भूसंबंधाचा, म्हणजे अर्थिंगचा, रोध ५० ओहम असेल तर २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून केवळ ४.६ अँपिअर प्रवाह जमिनीत जातो. एवढ्याने फ्यूज वितळत नाही. मोटारीचे अंग मात्र जिवंत राहते. माणसाच्या शरीरातून ०.०३ अँपिअर प्रवाह काही क्षण गेला तरी प्राणावर बेतू शकते. त्यातून फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घातलेली असेल, तर विचारावयासच नको.

पूर्वी विहिरीतील लोखंडी नळामुळे थोडाफार भूसंबंध आपोआप मिळत असे. आता नळ प्लॅस्टिकचे आले व तो आधार गेला. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात रोध फार वाढतो. म्हणून भूसंबंधाचा जस्तलेपित नळ निदान २.५ मीटर लांबीचा असावा, ओल टिकेल अशा जागी पुरावा आणि त्याचा रोध मोजून घ्यावा. शिवाय ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवावे. याचा खर्च वेगळा पडतो हे खरे. परंतु जुन्या पंपाचा सौदा करतानाच तो किमतीत धरावा.

शेततळ्यातील तराफ्यावरचा पंप अधिक जपून हाताळावा लागतो. पिंपांच्या तराफ्यावर मोटार तरंगते व केबल पाण्यावरून काठाला येते. पिंपाच्या कडेवर घासून तिचे आवरण झिजते. तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असल्याने पाण्यात उतरलेली वीज जमिनीत सहज जात नाही. वरून सर्व शांत दिसते. पण काठावरील ओल्या मातीत उभा राहून कोणी पाण्यात हात घातला की प्रवाहाला वाट मिळते. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीची चपटी केबल बहुधा तीनच पदरांची असते. तिच्यात भूसंबंधाचा पदर नसल्याने ती तार स्वतंत्र न्यावी लागते, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. केबल अखंड असावी, पाण्यात जोड नसावा, घासणाऱ्या जागी रबरी नळीचे वेष्टन द्यावे.

तेव्हा जुना पंप घेतल्यावर बोर्डापासून मोटारीपर्यंतची सर्व वायर काढून टाकावी. त्यातली बरी दिसणारी ठेवावी असा मोह होतो, तो आवरावा. वायर जितकी लांब तितकी ती जाड लागते, नाहीतर दाब घटून मोटार तापते. मोटारीच्या वेटोळ्यांची तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने करवावी. निदान १ मेगओहम रोध भरला पाहिजे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मळ्याला भेट देताना पिकाबरोबर स्टार्टरची पेटीही पाहावी. झाकण नसलेली पेटी दुरूनही दिसते.

रात्रीच्या विजेसाठी बसविलेला ऑटोस्विच हा आणखी एक धोका. वीज गेलेली पाहून शेतकरी विहिरीत उतरतो, आणि वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. उतरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, तिन्ही फ्यूज काढावेत आणि खिशात घालूनच खाली जावे.