खुराड्यातली फ्रेशर्स पार्टी

मागच्या अंगणात चार कोंबड्या मजेत नांदताहेत आणि आता आणखी तीन आणायचा विचार आहे? मग थोडं थांबा. आधी हे वाचा.

नव्या ऑफिसमधला पहिला दिवस आठवतोय? कुठे बसायचं ठाऊक नाही, कॅन्टीनमधलं कुठलं टेबल कोणाचं ठाऊक नाही, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्यावर! जुन्या कोंबड्यांत आणून सोडलेल्या तलंगेचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीचं, अगदी हेच होतं. फरक इतकाच, की तिथे टोमण्यांवर भागत नाही. चोच बसते, रक्त येतं आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर ती जिवानिशी जाते.

बॉस कोण?

कोंबड्यांमध्ये पहिला नंबर कोणाचा, दुसरा कोणाचा हे पक्कं ठरलेलं असतं. दाण्यावर आधी कोण जाणार, रात्री दांडीवरची चांगली जागा कोणाची, सगळं त्या क्रमाने. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करायचे. कोण कोणाला टोचतं याचा हा क्रम त्यांनी १९२१ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडला. इंग्रजीतला 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द त्यातूनच आला.

नवा पक्षी आला की ही उतरंड पुन्हा ठरते. त्यामुळे थोडी टोचाटोची होणारच. ती थांबवणं आपल्या हातात नाही, रक्तापर्यंत जाऊ न देणं मात्र नक्कीच आहे.

गावाकडे हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवतात आणि पिल्लं आईच्या पंखाखाली सगळ्यांसमोर वाढतात. कोणी वाकडी चोच केली तर आईच अंगावर धावून जाते. आपण आणतो ती हॅचरीतली, बिनआईची पिल्लं. म्हणून आईचं काम आपल्याला करावं लागतं.

आधी लांब, मग जाळीआड

नवे पक्षी आणल्या आणल्या खुराड्यात सोडायचे नाहीत. तीन ते चार आठवडे त्यांना पूर्ण वेगळं, शक्य तितकं लांब ठेवा. राणीखेत, रक्ती हगवण असले आजार निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यासोबतही येऊ शकतात. दाणापाणी आधी जुन्यांना, नंतर नव्यांना. आणि दोन्हीकडे एकच चप्पल घालून फिरू नका.

मग 'बघा, पण हात लावू नका'चा टप्पा. खुराड्यालगत तारेची जाळी लावून नव्यांना पलीकडे ठेवा. एक-दोन आठवडे एकमेकींना बघत, ऐकत, जाळीच्या दोन बाजूंना दाणे टिपत गेले, की अनोळखीपणा कमी होतो.

वय नको, अंग बघा

अगदी लहान पिल्लं मोठ्यांत सोडणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं. साधारण १२ ते १६ आठवड्यांची होईपर्यंत धीर धरा. पण नुसत्या वयावर जाऊ नका. वनराज, गिरिराज झपाट्याने अंग धरतात, गावरान तलंग मागे राहते. नवी आणि जुनी अंगापिंडाने जवळपास सारख्या दिसल्या, की वेळ झाली समजा. एकटी तलंग कधीच सोडू नका. दोघी-तिघी असल्या की मार वाटला जातो.

पहिल्यांदा सोडताना सुट्टीचा दिवस निवडा. संध्याकाळी मोकळ्या अंगणात, तासभर, तुमच्या नजरेसमोर. हळूहळू वेळ वाढवा. सगळं ठीक वाटलं की एका रात्री नव्यांना अलगद दांडीवर बसवा. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. मात्र सकाळी लवकर उठून दार उघडायचं. कोंडलेल्या जागेतच जास्त मार बसतो.

मध्ये कधी पडायचं?

पाठलाग, एखादी टोच, उपटलेलं पीस इतकं चालतं. रक्त दिसलं की लगेच जखमी पक्षी बाजूला काढा, कारण लाल रंग दिसताच बाकीच्याही तिथेच टोचत राहतात. जखम पूर्ण भरल्यावरच परत सोडा. एकच कोंबडी दादागिरी करत असेल तर तिलाच दोन-चार दिवस वेगळं ठेवा. परत येते तेव्हा तिचा नंबर घसरलेला असतो! नवी पाखरं कोपऱ्यात दबून बसत असतील, खात नसतील, तर पुन्हा जाळीआड न्या. घडी बसायला काही आठवडे लागू शकतात.

सोडण्याआधी चेकलिस्ट

* दाण्याची आणि पाण्याची भांडी किमान दोन, एकमेकांपासून लांब.
* दर पक्ष्यामागे खुराड्यात साधारण ४ आणि बाहेर १० चौरस फूट जागा.
* लपायला टोपली, आडवी फळी, झुडूप. आडोशाला दोन बाजूंनी वाट हवी.
* सगळ्यांना ग्रोअर फीड, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. लेअर फीडमधलं जादा कॅल्शियम तलंगांच्या मूत्रपिंडाला बाधतं.
* पिल्लं घेतानाच लसीकरणाची चौकशी, आणि कोंबड्या पाळायला सोसायटी व महापालिकेची हरकत नाही ना, याची खात्री.