जांभळाच्या रसाचा सोलर सेल: रंगाइतकंच महत्त्वाचं काय?

जांभळाच्या रसापासून वीज तयार होते, असं सांगणारी रील तुम्हीही पाहिली असेल. ती खोटी नाही. २०१७ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी जांभळाचा रंग वापरून सोलर सेल बनवला होता. पण त्यावर मोबाइल चार्ज होईल का? आधी सेलच्या आत डोकावू.

सेल चालतो कसा?

काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा सच्छिद्र थर असतो, त्याला रंग चिकटलेला असतो. प्रकाश पडला की रंग या थरात इलेक्ट्रॉन ढकलतो. तो बाहेरच्या सर्किटमधून फिरून येतो आणि आयोडाइडचं द्रावण त्याला परत रंगापर्यंत पोचवतं. ओरेगन आणि ग्रॅट्झेल यांनी १९९१ मध्ये अशा सेलची कार्यक्षमता ७ टक्क्यांवर नेली.

गळती कुठे?

मी गोंदियाचा, त्यामुळे मला हे धानाच्या बांधीसारखं दिसतं. रंग म्हणजे तलाव, थर म्हणजे बांधी, द्रावण म्हणजे खालचा नाला. बांधीत येणारं पाणी म्हणजे करंट. बांधी नाल्यापेक्षा जितकी उंच, तितकं व्होल्टेज. खेकड्यांनी धुऱ्याला भोकं पाडली की पाणी थेट नाल्यात जातं. तसेच काही इलेक्ट्रॉन सर्किटमध्ये न जाता थेट द्रावणात निसटतात.

ॲडिटिव्हचं काम

द्रावणात लिथियमचं मीठ टाकलं की बांधी जणू खाली येते: पाणी सहज येतं, करंट वाढतो, पण व्होल्टेज पडतं. टर्ट-ब्युटिलपिरिडीन उलट करतं. ते बांधी उंच करतं, भोकंही बुजवतं. मात्र जास्त झालं तर तलावाचं पाणी बांधीत चढतच नाही.

समजा, करंट १६ वरून १५ मिलीअँपिअर झाला, पण व्होल्टेज ०.६० वरून ०.७५ झालं. गुणाकार ९.६ वरून ११.२५ वर जातो. म्हणजे करंट घटूनही वीज वाढली! सगळा खेळ प्रमाणाचा आहे, आणि प्रत्येक रंगाचं प्रमाण वेगळं.

मग मोबाइल?

फळाफुलांच्या रंगांचे सेल बहुधा १ टक्क्याच्या आसपास किंवा खालीच राहतात. मोबाइलच्या पाठीएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर जागेवर कडक उन्हात साधारण १० वॅट प्रकाश पडतो. त्याचा १ टक्का ०.१ वॅट; साधा चार्जर ५ वॅटचा असतो.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हा सेल जरूर करून बघा. पण कुणी असा ‘नॅचरल’ चार्जर विकायला आलं, तर आधी विचारा: किती वॅट?