‘डीकन’पद आणि विवाहाचा निर्बंध

‘डीकन’ हा शब्द ग्रीक ‘दियाकोनोस’ ह्या शब्दापासून आलेला आहे. निरोप्या, पंक्तीत वाढणारा, धन्याच्या आज्ञेने काम करणारा हे त्याचे लौकिक अर्थ होत. मराठी बायबलात त्यासाठी ‘सेवक’ हा शब्द योजिला आहे. अर्थदृष्ट्या तो निर्दोष असला, तरी त्यात सामान्य सेवक आणि दीक्षित अधिकारी हा भेद लोपतो. मात्र ही अडचण अनुवादकाने निर्माण केलेली नसून मुळातच आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या अन्नवाटपासाठी निवडलेल्या ज्या सात पुरुषांना परंपरा आद्य डीकन मानते, त्यांना तेथे ‘दियाकोनोस’ म्हटलेलेच नाही. उलट रोमकरांस लिहिलेल्या पत्रात फीबी ह्या स्त्रीला तो शब्द लाविलेला आढळतो.

पुढे हे पद स्थिर झाले ते बिशपचा साहाय्यक म्हणून. दानधर्माची व्यवस्था आणि उपासनेत शुभवर्तमानाचे वाचन ही त्याची कामे होत. लॅटिन परंपरेत तो बाप्तिस्मा देऊ शकतो व विवाहविधी चालवू शकतो; मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापक्षमा देण्याचा अधिकार त्याला नाही.

विवाहाच्या प्रश्नाचे मूळ तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. बिशप आणि डीकन हे ‘एका स्त्रीचे पती’ असावेत, असे तिसरा अध्याय सांगतो. ह्या वाक्खंडाचे तीन अर्थ केले जातात: बहुपत्नीकत्वाचा निषेध, पुनर्विवाहाचा निषेध, अथवा केवळ पत्नीनिष्ठा. पाचव्या अध्यायात विधवांच्या यादीसाठी ‘एका पुरुषाची पत्नी’ अशी समांतर अट आहे. त्या समाजात बहुपतिकत्व रूढ नव्हते. म्हणून पहिला अर्थ दुबळा ठरतो व दुसऱ्याला बळ येते. परंतु त्याच अध्यायात तरुण विधवांनी विवाह करावा, असा उपदेशही आहे. उपदेश पाळणारीस पुढे यादीतून वगळावे, हे विसंगत दिसते. तेव्हा भाषेच्या आधारे तिसरा अर्थही नाकारता येत नाही, असेच म्हणावे लागते.

धर्मपरिषदांनी मात्र निर्णय दिला. इ. स. ३१४ मधील अंकिरा येथील परिषदेने, दीक्षेच्या वेळीच विवाहाचा मनोदय सांगणाऱ्या डीकनला नंतर विवाहाची मोकळीक दिली. इ. स. ६९२ च्या त्रुल्लो परिषदेने ती वाट बंद केली: विवाह उपडीकनपदाच्या दीक्षेपूर्वीच व्हावा, आणि बिशपने पत्नीपासून विभक्त असावे. पाश्चात्त्य चर्चने याहून कठोर मार्ग धरला. स्पेनमधील एल्विरा परिषदेने चौथ्या शतकाच्या आरंभीच बिशप, धर्मगुरू व डीकन ह्यांना पत्नीसंगापासून दूर राहण्यास सांगितले होते. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने दीक्षितांचे विवाह अवैधच ठरविले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी हा निर्बंध झुगारला, हे सर्वश्रुत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पौर्वात्य नियमात प्रश्न विवाह आणि दीक्षा ह्यांच्या विरोधाचा नसून त्यांच्या क्रमाचा आहे. विवाहिताला दीक्षा मिळते. दीक्षिताला विवाह करता येत नाही. रोमन चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ मधील निर्णयानंतर आणि पोप सहावे पॉल ह्यांच्या १९६७ मधील आदेशाने हाच क्रम स्थायी डीकनांपुरता स्वीकारला. विवाहित उमेदवाराचे वय किमान पस्तीस असावे लागते आणि पत्नीची संमती आवश्यक असते.

ह्या क्रमाची खरी झळ पोहोचते ती विधुराला. पत्नी वारली, घरात लहान मुले उरली, तरी डीकनला पुनर्विवाह करता येत नाही. पत्नीने दिलेल्या संमतीत हाही संभव गृहीत असतो. रोमकडून सवलत मिळू शकते, आणि १९९७ च्या एका पत्रकात लहान मुलांचे संगोपन हे तिचे एक कारण मानले आहे. केरळातील मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही धर्मगुरू विवाहित असू शकतात, पण विवाह दीक्षेपूर्वीचा असतो. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कपीठाने २०१८ मध्ये, विधुर झालेल्या वा पत्नीने सोडून दिलेल्या धर्मगुरूस प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून दुसऱ्या विवाहाची अनुज्ञा देण्याचे ठरविले. ज्याने स्वतःच पत्नीचा त्याग केला, त्याला ती लागू नाही.