व्हॅटिकन: 44 हेक्टरांचे राज्य आणि पोपचे पीठ

‘जगातला सर्वांत लहान देश कोणता?’ शाळेपासून आपल्याला उत्तर पाठ असते: व्हॅटिकन सिटी. उत्तर बरोबरच आहे. पण त्याला चिकटून आलेल्या कितीतरी समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या बाजूला सारल्याशिवाय हा देश मुळात कशासाठी आहे हेच कळत नाही.

हा देश दोन हजार वर्षांचा असावा, असे अनेकांना वाटते. कॅथलिक चर्च प्राचीन आहे. हे राज्य मात्र 11 फेब्रुवारी 1929 च्या लॅटरन कराराने जन्मले. त्याआधी हजारभर वर्षे मध्य इटलीतल्या मोठ्या प्रदेशावर पोपची सत्ता होती. 20 सप्टेंबर 1870 रोजी इटलीचे सैन्य पोर्ता पिया वेशीजवळ तटाला भगदाड पाडून रोममध्ये शिरले आणि ती सत्ता संपली. तेव्हाचे पोप नववे पायस यांनी नव्या राजवटीचा अंमल मानला नाही. ते स्वतःला व्हॅटिकनमधला कैदी म्हणवू लागले, आणि पुढची 59 वर्षे त्यांच्या वारसांनीही हाच हट्ट धरला. अखेर अकराव्या पायस यांच्या वतीने कार्डिनल गास्पारी आणि इटलीच्या वतीने मुसोलिनी यांनी सह्या केल्या. गेलेल्या राज्याची भरपाई म्हणून पोपना रोख 75 कोटी लिरा आणि 100 कोटी लिरांचे रोखे मिळाले. जमीन मिळाली ती फक्त 44 हेक्टर, सुमारे 110 एकर. पोप कुठल्याही सरकारचे प्रजाजन असू नयेत, एवढ्यापुरती ती पुरेशी होती.

खरी गल्लत होते ती इथे. बातम्यांत ‘व्हॅटिकनचा राजदूत’ म्हटले जाते, पण राजदूत नेमते ‘होली सी’, म्हणजे रोमचे बिशप या नात्याने पोपचे असलेले धर्मपीठ. जमीन वेगळी, पीठ वेगळे. 1870 ते 1929 या काळात पोपच्या हाती वीतभरही राज्य नव्हते, तरी अनेक देशांचे दूत त्यांच्याकडे येतच होते. संयुक्त राष्ट्रसंघातही 1964 पासून कायमस्वरूपी निरीक्षक आहे ते होली सीच; व्हॅटिकन सिटी तिथली सदस्य नाही.

भारताने या पीठाशी 1948 मध्येच राजनैतिक संबंध जोडले. पण भारताचा राजदूत व्हॅटिकनच्या भिंतींआड राहत नाही. तिथे दूतावासांना जागाच नाही. ते रोम शहरात, म्हणजे इटलीत असतात. शिवाय इटलीसाठी नेमलेला राजदूतच आपल्याकडेही पाठवलेला होली सीला चालत नाही. म्हणून भारताने हे काम अनेक वर्षे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राजदूताकडे सोपवले. रोममध्ये आपला राजदूत असताना बर्नहून दुसऱ्याने यायचे, हे विचित्र वाटेल. पण इटली आणि आपण वेगळे आहोत, हे पीठ किती कसोशीने जपते ते यातून दिसते.

कॅथलिक असल्याने किंवा तिथे जन्मल्याने व्हॅटिकनचे नागरिकत्व मिळत नाही. ते पदाबरोबर येते आणि सहसा पदाबरोबरच जाते.

‘गुप्त अभिलेखागारा’ने तर कादंबरीकारांना पिढ्यान्‌पिढ्या खाद्य पुरवले. घोटाळा आहे तो एका लॅटिन शब्दाचा. ‘सेक्रेतुम’ म्हणजे इथे गुप्त नव्हे, खासगी. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ वेगळी आणि ‘खासगी’ वेगळी असे, त्याच अर्थाने हे पोपचे खासगी दप्तर. तेरावे लिओ यांनी 1881 मध्ये ते अभ्यासकांना खुले केले. सुमारे 85 किलोमीटर लांबीच्या फडताळांवरची ही कागदपत्रे टप्प्याटप्प्याने उघडली जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले पोप बारावे पायस यांची कागदपत्रे मार्च 2020 मध्ये खुली झाली. गैरसमज टळावा म्हणून पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये नावातला तो शब्दच काढला.

पोपच्या पहाऱ्यावरच्या स्विस गार्डचा पट्टेरी गणवेश मायकेलअँजेलोने आखला, असे मार्गदर्शकही सांगतात. दल 1506 चे आहे, पण आजचा गणवेश विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे सेनानी ज्यूल रेपाँ यांनी ठरवला. आणि हे पहारेकरी केवळ शोभेचे नाहीत. 6 मे 1527 रोजी रोम लुटले गेले तेव्हा पोपना वाचवताना 147 जण मारले गेले. नवे शिपाई शपथ घेतात ती त्याच तारखेला.

पोपचे प्रत्येक वाक्य अचूक मानले जाते, हाही असाच समज. 1870 च्या चर्च परिषदेने ठरवलेली अचूकता श्रद्धा आणि नीती यांवरच्या, सर्व चर्चसाठी पीठावरून केलेल्या औपचारिक घोषणेपुरती आहे. त्यानंतर तिचा असा वापर एकदाच झाला: 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत जाहीर करताना.

शेवटचा गैरसमज थेट सेंट पीटर्सबद्दल आहे. ती पोपची सर्वांत प्रसिद्ध वास्तू असली, तरी बिशप म्हणून त्यांचे कॅथेड्रल ती नव्हे. ते आहे सेंट जॉन लॅटरन, व्हॅटिकनच्या तटाबाहेर, रोम शहराच्या दुसऱ्या भागात. 8 मे 2025 रोजी निवडून आलेले चौदावे लिओ 25 मे रोजी तिथे गेले आणि रोमचे बिशप म्हणून आपल्या आसनावर बसले.