वादळ ओसरल्यानंतरचा किनारा

ओडिशाच्या जगतसिंहपूर जिल्ह्यात, अगदी समुद्रकाठी, एरसमा नावाचा प्रदेश आहे. भातशेती, पानमळे आणि मासेमारी यांवर येथील कुटुंबांचा चरितार्थ चालतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपनजीक जे महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, त्याने सर्वाधिक बळी घेतले ते याच भागात. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. तथापि येथील माणसे दगावली ती मुख्यतः पाण्याने.

हे पाणी येते कोठून? वादळाच्या केंद्रात वायुभार घटल्याने समुद्र फुगतो खरा, परंतु त्याचा वाटा जेमतेम दोन हातांचा. खरा जोर वाऱ्याचा. बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग उथळ आहे. तेथे वाऱ्याने लोटलेल्या पाण्यास खालून परत फिरण्यास वाव मिळत नाही आणि ते जमिनीवर चढते. एरसम्याच्या बाजूस ते पाच-सहा मीटर चढले. मातीच्या भिंतींची, गवती छपरांची घरे त्यापुढे काय टिकणार? त्यातच वादळ किनाऱ्यालगत रेंगाळले आणि पाऊस कोसळत राहिला. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. पण जायचे कोठे? रेडक्रॉसने बांधलेली मोजकी निवारागृहे सोडली, तर उंच व पक्की जागा सहसा नव्हती. आणि धान्याची कणगी व दावणीची गाय सोडून गृहिणीने निघावे ते कोणाच्या भरवशावर? अशा वेळी शहरातील माणूस खेडुतांना हट्टी म्हणून मोकळा होतो, हा मोठाच अन्याय होय.

त्या वर्षाअखेरीस राज्याने आपत्तिनिवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले. पुढे किनाऱ्यावर खांबांवर उभारलेली आठशेहून अधिक निवारागृहे झाली. एरवी त्यांपैकी कित्येकांत शाळा भरते. स्वयंसेवक दारोदार जाऊन माणसांना बाहेर काढू लागले. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळापूर्वी सुमारे दहा लाख आणि ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या ‘फनी’पूर्वी सुमारे बारा लाख लोक हलविण्यात आले. फायलिनमध्ये मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली, फनीत ती चौसष्ट होती. केंद्रपाडा जिल्ह्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: १९९९ साली ज्या गावांपुढे तिवरांचे पट्टे रुंद होते, तेथे प्राणहानी कमी झाली.

माणसे हलविता येतात, पानमळा कसा हलविणार? फनीने पुरीकडील पानमळे भुईसपाट केले, नारळीची झाडे उन्मळून पाडली. कोकणात २०२० साली ‘निसर्ग’ वादळाने पडलेल्या नारळी-पोफळीच्या बागा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे दुःख समजेल. नव्या माडाला फळ धरण्यास काही वर्षे लागतात, खाऱ्या पाण्याने भिजलेले शेतही लगेच पीक देत नाही. मग पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष कामासाठी परराज्याची वाट धरतात. बांधाची डागडुजी करणे, पावसाने शेतातील मीठ धुऊन निघण्याची वाट पाहणे आणि मुलांना शाळेत टिकविणे हे सारे घरी राहिलेल्या बाईच्या वाट्यास येते.